अल्फी पेनिकची पंचहजारी

अल्फी पेनिक नुसता रस्त्याने चालला तरी लोक हसत. एकदा बिचारा दातदुखीने गाल धरून औषधाच्या दुकानात शिरला, तर रांगेतल्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारायला लागल्या. "बघ बघ, काय सोंग आणलंय!" चाळीस वर्षं त्याने टीव्हीवर आणि नाटकघरांतून एकच माणूस उभा केला होता. सगळं दिसत असूनही तोंडात मूग गिळून बसणारा शेजारी. समोरचा गडी उत्साहाने भिंतीला कागद चिकटवत सुटलाय, चिकटवता चिकटवता दारावरही चिकटवतोय, आणि अल्फी कोपऱ्यात चहा पीत बघत बसलाय. शेवटी त्या गड्याला बाहेर जायला दारच सापडेना झालं, की अल्फी हळूच मान वळवून प्रेक्षकांकडे बघे, मनात तीन आकडे मोजे आणि म्हणे, "मी काही बोललो का?" बास. सारा देश पोट धरून लोळायचा.

त्या वाक्याला कधीच न हसलेली एकच व्यक्ती अल्फीला माहीत होती, आणि नशीब असं की नेमकं तिलाच हसवावं असं त्याला वाटे. विनिफ्रेड कॅचपोल. वय एक्याऐंशी, उंची पाच फुटांना थोडी कमी. सफक परगण्यातल्या स्नेटलिंग गावच्या चर्चच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत, त्यांचा कारभार बाईंकडे. रेव्हरंड येतात नि जातात, मिसेस कॅचपोल असतात.

अल्फी अकरा वर्षांपूर्वी स्नेटलिंगला राहायला आला तो शांतता हवी म्हणून. त्याआधी त्याने मधमाश्या पाळून बघितल्या, त्या उडून गेल्या. जलरंगात चित्रं काढली, ती घरातल्या कुत्र्यानेही पाहिली नाहीत. मग इथल्या पहिल्याच रविवारी सकाळी नऊ वाजता डोक्यावर आठ घंटा कोसळल्या, आणि हा चप्पल-गाऊनवर तरातरा मनोऱ्याचे सत्तेचाळीस दगडी पायऱ्या चढून भांडायला गेला.

वर वर्तुळात आठजण दोऱ्या ओढत उभे. कुणी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वाजवून झालं तेव्हा बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"तक्रार आहे? खाली वही आहे, तीत लिहून ठेव. वर आलाच आहेस तर ही दोरी धर. पाच नंबरचा म्हातारा परवा वारला."

"मी अल्फी पेनिक," अल्फी म्हणाला. एवढ्यावर सहसा भागत असे.

"मी विनिफ्रेड कॅचपोल. दोन्ही हातांनी धर."

तेव्हापासून त्याने ती दोरी सोडली नाही. लोकांना वाटतं घंटा म्हणजे ओढली की वाजली. तसं नाही. म्हशीच्या वजनाचं ते धूड वर पूर्ण गोल फिरतं, तोंड आभाळाकडे करून क्षणभर तोलावर उभं राहतं, आणि त्याच क्षणी तुम्ही खालून ओढलं तर येतं. आपली पाळी आली की वाजवायचं, आणि पाळी दर ओळीला, म्हणजे आठही घंटा एकेकदा वाजल्या की, बदलते. कधी तिसरे, कधी चौथे, कधी सगळ्यांच्या मागे. कागद नाही, सुरावट नाही, सगळं डोक्यात. अल्फीचं डोकं चांगलं होतं. चाळीस वर्षं संवाद पाठ केलेला माणूस तो. घोडं अडायचं दुसरीकडेच. ज्या थांबण्यावर त्याने नाव कमावलं होतं, ते थांबणं त्याच्या हाडात मुरलं होतं. घंटा तोलावर आली की याचा हात मनातल्या मनात एक-दोन-तीन मोजू लागे.

"थांबलास!" बाई ओरडत. "परत थांबलास, अल्फ्रेड!"

"मिसेस कॅचपोल, या थांबण्यासाठी लोक लंडनला रांगा लावायचे."

"मग लंडनला थांब. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही तुझा!"

बाकीचे सगळे हसायचे. बाई नाही. त्या फक्त घड्याळाकडे बघून म्हणायच्या, "पुन्हा. पहिल्यापासून."

अकरा वर्षांत पीळ बराच गेला. पूर्ण गेला का, हाच काय तो प्रश्न होता. कारण आता मार्चमध्ये अल्फीच्या उजव्या खांद्याचा सांधा बदलायचा ठरला होता, आणि डॉक्टरने साफ सांगितलं होतं की त्यानंतर चहाचा कप उचला, पुस्तक उचला, दोरी विसरा. चौऱ्याहत्तर वर्षांचा अल्फी त्या दिवशी दवाखान्यातून सरळ मनोऱ्यात गेला आणि भिंतीवरच्या फळ्यांसमोर उभा राहिला.

घंटा वाजवणाऱ्यांच्या जगात मोठी गोष्ट एकच. सात घंटांचे जेवढे म्हणून क्रम होतात, ते सगळेच्या सगळे, प्रत्येक एकदाच, एकही न चुकता, एकही पुन्हा न येता वाजवायचे आणि आठव्या मोठ्या घंटेने प्रत्येक ओळ बंद करायची. क्रम होतात पाच हजार चाळीस. सलग तीन तास लागतात. मध्ये पाणी नाही, खोकला नाही, खाज सुटली तर सुटली. जुन्या सरदारांना मिळे तशी ही पंचहजारीच म्हणायची. ती साधली की वाजवणाऱ्या आठजणांची नावं लाकडी फळीवर सोनेरी अक्षरांत रंगवून मनोऱ्यात लावतात. सगळ्यात जुनी फळी दोनशे वर्षांपूर्वीची. घरी अल्फीकडे बक्षिसांनी भरलेलं एक कपाट होतं. त्या कपाटाच्या बदल्यात इथली एक ओळ कुणी दिली असती, तर त्याने कपाट स्वतः डोक्यावर वाहून आणलं असतं. टीव्हीवरचा अल्फी लोकांचा होता. फळीवर लागलं असतं ते नाव त्याचं स्वतःचं.

फळ्यांच्या मधोमध भिंतीवर एक फिकट चौकोन होता. तिथे पूर्वी फळी होती, हे कुणीही ओळखावं. एकोणऐंशी साली बाईंच्या नवऱ्याने, एर्नेस्टने, त्याच्या आयुष्यातली एकमेव पंचहजारी वाजवली. फळी लागली, फोटो निघाला. सहा महिन्यांनी बाई स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद पसरून सहज सगळे क्रम ताडून बघत होत्या, तर ज्या गृहस्थाने तो आराखडा लिहून दिला होता त्याच्या हातून चूक झालेली. दोन ओळी पुन्हा आलेल्या. कुणालाही कधीच कळलं नसतं. बाई त्याच संध्याकाळी पेचकस घेऊन वर गेल्या आणि फळी काढून आणली. एर्नेस्ट आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. आठव्या दिवशी म्हणाला, "स्क्रू तरी जपून ठेव." पुढे दोन वर्षांत तो गेला. त्याची दुसरी पंचहजारी काही झाली नाही.

"किती दिवस आहेत हातात?" बाईंनी मागून विचारलं. खांद्याची बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. स्नेटलिंगमध्ये बातमीला जिने चढायला वेळ लागत नाही.

"तीन आठवडे."

"मग येत्या शनिवारी. साडेनऊला. आणि अल्फ्रेड, नाश्त्याला चहा एकच कप. तीन तास आहेत."

शनिवारी अल्फी सव्वानऊलाच हजर होता. बाई त्यांच्या एक नंबरच्या हलक्या घंटेपाशी, खाली लाकडी पाटावर उभ्या. दोनवर पोस्टातली जोन, तिचे हात आधीच घामेजलेले. सहावर, म्हणजे अल्फीच्या डाव्या हाताला, नेव्हिल मॉब्स. हा निवृत्त दंतवैद्य, अल्फीचा पबमधला जोडीदार, तो नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी धापा टाकत आला.

"दार लावलंस?" बाईंनी विचारलं.

"लावलं असेल," नेव्हिल म्हणाला.

"असेल म्हणजे?"

"लावलं हो, मिसेस कॅचपोल. आम्ही काय शाळेत आहोत?"

"शाळेत असतास तर बरं झालं असतं. तयार?"

आणि सुरू झालं. पहिला तास पाठांतराचा गेला, दुसरा खांद्याचा. खांद्यात कुणी गरम सळई फिरवावी तशी कळ येत होती, पण अल्फीला त्याचं काही वाटेना. वर घंटा अशा पडत होत्या की ऐकत राहावं. मधूनच बाई "बॉब!" म्हणून हाक देत, म्हणजे क्रम वळवा, की आठही दोऱ्या मुकाट्याने वळत. हाक द्यायचा हक्क त्यांचा एकटीचा, बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. अल्फी एकदाही थांबला नव्हता. एकदासुद्धा नाही! त्याला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं, आणि माणसाने सावध व्हावं ते नेमकं अशा वेळी.

दोन तास वीस मिनिटं झाली असतील. जिन्याच्या अर्धवट उघड्या दारातून बिशप आत आला. बिशप म्हणजे रेव्हरंड फिलिपांचा बोका, रंगाने नारिंगी, अंगाने दांडगा. तो वर्तुळाच्या बरोबर मध्यावर जाऊन बसला. त्याने एकेकाकडे सावकाश बघितलं, जोनकडे, बाईंकडे, नेव्हिलकडे, आणि शेवटी अल्फीसमोर येऊन त्याची नजर ठरली. मान किंचित वाकडी. आता हा काय करणार, असा भाव.

पहिल्या रांगेतला प्रेक्षकच तो! अल्फीचं डोकं काही म्हणायच्या आत त्याच्या हाताने चाळीस वर्षांची सवय पाळली. घंटा तोलावर उभी राहिली. एक. दोन. तीन.

तेवढ्यात नेव्हिलची घंटा अल्फीच्या जागी वाजून गेली होती. अल्फी घाईघाईने नेव्हिलच्या जागी शिरला. अशी अदलाबदल होते कधीकधी. एक-दोन ओळींत सुधारली तर चालते, त्यापुढे गेली की सगळी पंचहजारी खोटी. दोघांनी डोळ्यांनी एकमेकांना शिव्या घातल्या, हा पुढे जाऊ पाहतो तर तो मागे येत नाही, तो मागे येतो तर हा बिचकतो. चौदा ओळी. जेमतेम अर्धं मिनिट. मग दोघेही आपापल्या जागी परत आले. बाईंचं लक्ष त्या वेळी जोनकडे होतं, कारण जोन बोक्याला बघून डळमळली होती आणि बाई नजरेने तिला धरून होत्या. बिशपने जांभई दिली आणि तो आला तसा निघून गेला.

पुढची अडतीस मिनिटं अल्फी यंत्रासारखा वाजवत राहिला. बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी बाई म्हणाल्या, "थांबा!" आठही घंटा थांबल्या.

मग जोन रडायला लागली, दोघातिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि नेव्हिल रुमाल काढायच्या निमित्ताने अल्फीच्या कानाशी आला.

"बाईंना कळलेलं नाही."

"चौदा ओळी होत्या, नेव्हिल."

"पाच हजारांत चौदा! कोण मोजतंय? अरे, आयुष्यभर 'मी काही बोललो का' यावर जेवलास, मग आज कशाला जीभ वळवळतेय? माझ्या नावाच्या तीन फळ्या आहेत, मला चौथीचं कौतुक नाही. तुझ्यासाठी सांगतोय. तुझा खांदा काय पुन्हा येणार आहे?"

खरं होतं ते. अल्फीने सुजलेल्या खांद्यावर हात ठेवला. गप्प बसायचं होतं फक्त. गप्प बसण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या देशात कुणी नव्हता.

"अल्फ्रेड," बाईंनी हाक मारली. त्यांचे गाल लाल झाले होते. त्या कोपऱ्यातल्या कपाटातून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी ओढून काढत होत्या. "जरा धर रे. डाव्या हाताने धर."

चादर निघाली. आत फळी होती. जुनी, जाड, ओकची, नुकता रंधा मारून कोरी केलेली.

"एर्नेस्टची आहे," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं पलंगाखाली होती. नवीन कशाला आणायची म्हटलं. त्याच भोकांत बसेल." मग त्यांनी खिशातून खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी काढून उघडली. आत चार पितळी स्क्रू होते, घासूनपुसून चकचकीत केलेले. "तुझं नाव अल्फी लिहायचं का अल्फ्रेड?"

अल्फीने फिकट चौकोनाकडे बघितलं. फळीकडे बघितलं. एकदा खोटी ठरलेली फळी, आणि आता ती पुन्हा खोटी होऊन त्याच बाईंच्या हाताने त्याच जागी लागणार. बाईंनी आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

"काहीच लिहू नका," तो म्हणाला. "मी थांबलो होतो."

"काय?"

"दोन तास वीस मिनिटांच्या सुमाराला. बोका आला तेव्हा. नेव्हिल माझ्या जागी गेला, मी त्याच्या. चौदा ओळी तसेच होतो आम्ही. चूक माझी, त्याची नाही."

"हात दाखवून अवलक्षण!" नेव्हिलने कपाळावर हात मारला. जोनचं रडणं मधेच थांबलं. मोठ्या घंटेवरचा शेतकरी, जो तीन तासांत घामाने चिंब झाला होता, तो भिंतीला टेकून खाली बसला.

"नेव्हिल? खरं आहे हे?"

"खरं आहे," नेव्हिल पुटपुटला. "आणि दारही मीच उघडं ठेवलं होतं."

बाई बाकावर बसल्या. मांडीवर डबी, बोटांत एक स्क्रू. अल्फीला वाटलं, खांदा काय, दोन्ही हात तुटले असते तरी बरं.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला, "न बोलायचे पैसे घेतले मी, मिसेस कॅचपोल. आज फुकटात गप्प बसायचं होतं, तर तेवढं जमलं नाही. माफ करा."

बाईंनी वर बघितलं नाही.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. रेव्हरंड फिलिपा धापा टाकत वर आल्या. एका हातात लिंबाचा केक, दुसऱ्या काखेत बिशप.

"तीन तास ऐकतेय खाली! काय सुंदर वाजवलंत! खाली स्थानिक वर्तमानपत्राचा माणूस फोटोसाठी थांबलाय. आणि हा बघा, हाही ऐकायला वर आला होता वाटतं. झाली ना? झाली ना पंचहजारी?"

सगळे बाईंकडे बघायला लागले. बाईंनी फिलिपांकडे बघितलं. मग बोक्याकडे. मग फार सावकाश मान वळवून त्यांनी अल्फीकडे बघितलं, आणि अल्फीच्या पाठीतून शिरशिरी गेली, कारण हे थांबणं कसलं आहे हे जगात त्याच्याइतकं कुणालाच कळलं नसतं. तो नकळत मोजू लागला. एक. दोन. तीन.

"मी काही बोलले का?" मिसेस कॅचपोल म्हणाल्या.

आणि त्या हसल्या. आधी नुसते खांदे हलले, मग डबीतले स्क्रू खुळखुळले, मग डोळ्यांना पाणी येईपर्यंत, बाकावरून पाय हलवत, पोरीसारख्या हसल्या. जोन हसली, नेव्हिल हसला, भिंतीला टेकलेला शेतकरी हसला. काय चाललंय ते न कळता फिलिपाही हसल्या. अल्फी मात्र जागच्या जागी थिजून उभा होता. एवढा अचूक थांबा त्याने स्वतःसुद्धा कधी घेतला नव्हता.

"नाही झाली," डोळे पुसत बाईंनी फिलिपांना सांगितलं. "खोटी ठरली. फोटोवाल्याला म्हणावं जा घरी. केक ठेवा."

सगळे पबमध्ये गेले आणि जेवले. नेव्हिलने दंड म्हणून सगळ्यांना बिअर पाजली. बाईंनी फळी पुन्हा चादरीत गुंडाळली आणि वर डबी ठेवली.

मार्चमध्ये अल्फीचं ऑपरेशन झालं. एप्रिलातल्या एका गुरुवारी, हात गळ्यात बांधलेला, तो सत्तेचाळीस पायऱ्या चढून वर आला. सरावाला वेळ होता. पाच नंबरच्या दोरीपाशी औषधाच्या दुकानातली मुलगी शिकायला उभी होती.

"हिला तू शिकव," बाई म्हणाल्या. "हात नसला तरी तोंड आहे ना? कुठे थांबायचं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?"

अल्फी बाकावर बसला. शेजारी मनोऱ्याची वही पडली होती, कुणी कधी काय वाजवलं याची नोंद असलेली. चाळताना फेब्रुवारीचं पान लागलं. बाईंचं अक्षर बारीक आणि सरळ.

"शनिवार. पंचहजारीचा प्रयत्न. दोन तास अठ्ठावन्न मिनिटं. खोटी ठरली. चूक पाच नंबर, ए. पेनिक. त्यानेच सांगितली."

खाली कुणाचीच सही नव्हती, फक्त पानाच्या कडेला पत्र्याच्या डबीतला एक पितळी स्क्रू चिकटपट्टीने चिकटवलेला होता.

अल्फीने ती नोंद दोनदा वाचली. मग मान वळवून बाईंकडे बघितलं. या वेळी तो काहीच बोलला नाही.